अमेरिकेच्या शेतातला मुकादम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या स्थलांतर धोरणाबद्दल आपल्याकडे जे छापून येते ते बहुतेक एच-१बीभोवती, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या व्हिसाभोवती फिरते. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागले तेव्हा पुण्या-मुंबईत घरोघरी त्याची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या देशातली स्थलांतर सुधारणा गेली चाळीस वर्षे ज्या गाठीत अडकली आहे, त्यातली सर्वात चिवट गाठ शेतात आहे. तिच्याबद्दल मराठी वाचकाला फारसे सांगितले जात नाही. वास्तविक ऊसतोडीचा हंगाम जवळून पाहिलेल्या माणसाला ती लगेच उलगडेल.

परदेशी शेतमजुराला मिळणाऱ्या व्हिसाचे नाव एच-२ए. एच-१बीला वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे, एच-२एला वरची मर्यादाच नाही. २००५ मध्ये या व्हिसासाठी सुमारे ४८ हजार जागा मंजूर झाल्या होत्या. २०२३ मध्ये तो आकडा पावणेचार लाखांच्या वर गेला. येणाऱ्यांत दहापैकी नऊ जण मेक्सिकोचे. फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, वॉशिंग्टन आणि नॉर्थ कॅरोलायना ही सर्वाधिक मजूर मागवणारी राज्ये. मोसंबीवर्गीय फळे, स्ट्रॉबेरी, सफरचंद, कांदा, तंबाखू, रताळी ही त्यांची पिके.

मजूर मागवण्याची पद्धत कागदावर अशी आहे. काम सुरू होण्याच्या ७५ ते ६० दिवस आधी शेतकऱ्याने राज्याच्या रोजगार कार्यालयात कामाची जाहीर नोंद करायची. किमान ४५ दिवस आधी केंद्रीय कामगार खात्याकडे अर्ज करायचा आणि स्थानिक माणसे मिळत नाहीत हे दाखवायचे. मग नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे दुसरा अर्ज, जो खात्याच्या प्रमाणपत्राशिवाय मंजूर होत नाही. तो मंजूर झाला की मजुरांच्या मुलाखती वकिलातीत, बहुतेकांच्या मेक्सिकोतल्या मॉन्टेरे इथे, आणि मग बसने सीमा ओलांडून थेट शेतावर. म्हणजे चेरीचा तोडा जूनच्या कोणत्या आठवड्यात येईल हे शेतकऱ्याने मार्चमध्येच सांगायचे. थंडी लांबली, फुलोरा दहा दिवस पुढे गेला, तर मजूर खोलीत बसून राहतात. उन्हाळा लवकर आला तर फळ झाडावर पिकते आणि मजूर मॉन्टेरेच्या रांगेत असतो. शेतकऱ्याची या पद्धतीवरची तक्रार खोटी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

त्याच्यावर अटीही बऱ्याच आहेत. राहण्याची जागा फुकट द्यावी लागते आणि तिची तपासणी मजूर यायच्या आधी होते. केंद्रीय नियमात झोपण्याच्या खोलीत माणशी ५० चौरस फूट, दोन खाटांमध्ये ३ फूट अंतर, दहा जणांमागे एक शॉवर, पंधरा जणांमागे एक शौचालय, इतके बारीक लिहिलेले आहे. एक तर स्वयंपाकघर द्यायचे, नाही तर तीन वेळचे जेवण. अवजारे मालकाची, खोलीपासून शेतापर्यंतचे वाहन मालकाचे. निम्मा करार पुरा झाला की येण्याचा खर्च परत करायचा, पूर्ण झाला की जाण्याचा द्यायचा. ऊसतोडणीला आलेली आपली माणसे कारखान्याच्या माळावर पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या घालून राहतात. त्यांच्यापुढे हा नियम वाचून दाखवला तर थट्टा वाटेल.

सर्वात कामाची अट तीन-चतुर्थांश हमीची. समजा करार २० आठवड्यांचा आणि आठवड्याला ४० तासांचा आहे, म्हणजे एकूण ८०० तास. पाऊस पडो, गारपीट होवो, बाजार पडो, मालकाने किमान ६०० तासांचे काम किंवा तेवढे पैसे द्यायलाच हवेत. क्रेटमागे किंवा बादलीमागे दर ठरला असला तरी ताशी हिशेब ठरलेल्या दराखाली गेला की फरक मालकाने भरायचा. कागद इतका चांगला आहे की फसवणूक होते कुठे, असा प्रश्न पडावा.

ती पहिल्यांदा होते तासांच्या नोंदीत. समजा ताशी दर १६ डॉलर आणि बादलीला ५० सेंट. दहा तासांत २०० बादल्या भरल्या तर मजुरी झाली १०० डॉलर. नियमाप्रमाणे हवेत १६०. मग पगाराच्या चिठ्ठीवर दहाऐवजी सहा तास लिहिले जातात. सहा सोळे शहाण्णव, मजुराला तर शंभर मिळाले! कागद स्वच्छ. म्हणून या व्यवहारातली जाणती माणसे मजुराला सांगतात की रोज स्वतःच्या वहीत शेतावर पोचल्याची आणि सुटल्याची वेळ लिही. दुसरी पळवाट हमीची. मजूर आपणहून निघून गेला, किंवा त्याच्या चुकीमुळे त्याला काढले, तर ६०० तासांची हमी आणि परतीचा खर्च दोन्ही बुडतात. त्यामुळे काम संपत आले आणि तास कमी भरत असले की ‘स्वेच्छेने काम सोडत आहे’ असा इंग्रजी कागद सहीला पुढे येतो.

तिसरी आणि मूळची पळवाट गावातच सुरू होते. व्हिसासाठी मजुराकडून कोणीही पैसे घ्यायचे नाहीत, मालकाने नाहीत आणि त्याच्या गावाकडच्या दलालानेही नाहीत, असा स्पष्ट नियम आहे. तरी दलाल पैसे घेतो. मजूर ते व्याजाने काढतो, कधी घर किंवा जमीन गहाण टाकून. आपल्याकडे मुकादम उचल देतो आणि ती फेडेपर्यंत कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्याच्या फडाशी बांधलेली असते. तिकडे पैशाची दिशा उलटी, मजूरच आधी पैसे मोजतो. पण परिणाम तोच, कर्ज फिटेपर्यंत त्याला काम सोडून जाता येत नाही.

आणि जायचे ठरवले तरी जाणार कुठे? एच-२ए व्हिसा एका मालकाच्या अर्जावर मिळतो. जानेवारी २०२५ पासून नव्या मालकाने अर्ज दाखल करताच त्याच्याकडे काम सुरू करता येते आणि काम सुटल्यावर ६० दिवसांची सवलत मिळते, ही सुधारणा खरी आणि स्वागतार्ह आहे. मात्र नवा मालक म्हणजे कामगार खात्याचे प्रमाणपत्र हाती असलेला मालक. गावाबाहेरच्या छावणीत राहणाऱ्या, जवळ गाडी नसलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला हंगामाच्या मध्यात असा मालक सापडणे कठीण. शिवाय एच-२एच्या सुमारे ४० टक्के जागा आता शेतकरी स्वतः भरतच नाहीत, मजूर-ठेकेदार भरतात. ठेकेदाराला नुकसानभरपाईसाठी बॉण्ड भरावा लागतो. पण तो एका शेतावरून दुसऱ्या शेतावर टोळी हलवतो, आणि मजुरी थकली की शेतकरी ठेकेदाराकडे बोट दाखवतो. हा मुकादमच झाला. जॉर्जियात २०२१ मध्ये चोवीस जणांवर केंद्रीय आरोपपत्र दाखल झाले. मजुरांकडून बेकायदा शुल्क घेतले, कागदपत्रे काढून घेतली, हातांनी कांदे उपटायला लावून बादलीमागे २० सेंट दिले, असे आरोप त्यात होते. मजूर तिथे व्हिसावर, म्हणजे कायदेशीर मार्गानेच आलेले होते.

आता राजकारण. एच-२एवर आलेल्यांखेरीज पिकांवर काम करणाऱ्या मजुरांत दहापैकी साधारण चौघांकडे कागदपत्रेच नाहीत, आणि त्यातले कित्येक वीस-वीस वर्षे तिथे आहेत. दूध धंद्याची अडचण वेगळीच. एच-२ए फक्त हंगामी कामासाठी मिळतो आणि गाय तर वर्षभर दूध देते. म्हणून विस्कॉन्सिन किंवा आयडाहोच्या गोठ्यांना हा व्हिसा मिळतच नाही. तिथला मजूर कागदाविना राहतो तो आळसामुळे नव्हे, त्याच्यासाठी कायद्यात दारच नाही म्हणून.

यावर एकदा तोडगा निघाला होता. १९८६ च्या कायद्याने, मे १९८६ पर्यंतच्या बारा महिन्यांत ९० दिवस शेतात काम केल्याचा पुरावा देणाऱ्यांना कायदेशीर दर्जा मिळाला. सुमारे ११ लाख लोकांनी तो घेतला. कागद हाती येताच बरेच जण शेत सोडून बांधकामावर, हॉटेलात गेले. जाणारच! शेतकऱ्यांनी त्यातून घेतलेला धडा मात्र असा, की मोकळा झालेला मजूर शेतात राहत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक विधेयकात या धड्याची सावली दिसते.

२०१३ मध्ये सिनेटने सर्वसमावेशक विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतले नाही. मग फक्त शेतीपुरते विधेयक आले. ते प्रतिनिधीगृहात डिसेंबर २०१९ मध्ये २६० विरुद्ध १६५ आणि मार्च २०२१ मध्ये २४७ विरुद्ध १७४ मतांनी मंजूर झाले. दोन वर्षांत १८० दिवस शेतात काम केलेल्याला तात्पुरता कायदेशीर दर्जा. ग्रीन कार्डासाठी जुन्या मजुराने आणखी चार आणि नव्याने आठ वर्षे शेतातच काम करायचे आणि वर एक हजार डॉलर दंड भरायचा. दूध धंद्याला वर्षभराचे व्हिसा, आणि बदल्यात प्रत्येक मजुराच्या कामाच्या परवान्याची संगणकीय पडताळणी सक्तीची. मजूर संघटना आणि बागायतदार दोघांनी एकत्र बसून केलेली ही तडजोड होती, आठ वर्षांची अट गिळून केलेली. २०२२ च्या अखेरीस सिनेटमध्ये ती अडली, आणि अडण्याचे एक मोठे कारण दर्जा किंवा व्हिसांची संख्या हे नव्हते. स्थलांतरित शेतमजुरांना संरक्षण देणारा १९८३ चा एक कायदा आहे. तो एच-२ए मजुरांना लागू नाही. या विधेयकाने तो लागू केला तर मजूर मालकाला केंद्रीय न्यायालयात खेचू शकेल, म्हणून फार्म ब्यूरो या शेतकऱ्यांच्या सर्वात मोठ्या संघटनेने पाठिंबा दिला नाही. मजूर हवा, कोर्टात जाणारा मजूर नको.

२०२५ मध्ये तर ओढाताण उघड्यावर आली. जूनमध्ये, कागद नसलेल्या मजुरांना पकडण्यासाठी शेतांवर पडणारे छापे थांबवण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच फिरवला गेला. १० जुलैला कॅलिफोर्नियातल्या कॅमारिल्लो इथल्या ग्रीनहाउसवर मोठा छापा पडला, तीनशेहून अधिक लोक पकडले गेले आणि छतावरून पडलेला एक मजूर मरण पावला. त्याच्या दोनच दिवस आधी कृषिमंत्री ब्रुक रोलिन्स यांनी माफी देणार नाही, यांत्रिकीकरण करू आणि सरकारी आरोग्यविमा घेणाऱ्या धडधाकट अमेरिकनांकडून काम करून घेऊ, असे सांगितले होते. जॉर्जियाने २०११ मध्ये कडक कायदा करून मजूर पळवून लावले होते. त्या हंगामात प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाबाहेर सरकारी देखरेखीखाली असलेल्या गुन्हेगारांना काकडी तोडायला पाठवून पाहिले, तर बरेचसे दुपारपर्यंत घरी परतले. ही आठवण कृषी खात्यात कोणाला असेलच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कामगार खात्याने एच-२एच्या मजुरीचा दरच बदलला. २०२५ मध्ये हा दर राज्यानुसार ताशी १४.८३ ते २०.०८ डॉलर होता; बाहेरच्या मजुरामुळे स्थानिकाची मजुरी पडू नये, हा त्यामागचा हेतू. तो ज्या शेतमजुरी सर्वेक्षणावर आधारलेला होता, ते कृषी खात्याने आधीच बंद केले होते. नव्या पद्धतीत कामाच्या दोन पायऱ्या केल्या, बहुतेक तोडणीकाम खालच्या पायरीत टाकले आणि फुकटच्या खोलीची किंमत दरातून वजा करायला मुभा दिली. खात्याने स्वतःच त्या आदेशात लिहिले आहे की धरपकडीमुळे मजूर तुटले आहेत आणि अन्नपुरवठ्याला धोका आहे. छाप्यांमुळे कागद नसलेला मजूर कमी झाला, त्याची जागा एच-२एने भरायची आहे, आणि एच-२ए स्वस्त करायचा आहे. तो स्वस्त होण्याचे आणखी एक कारण क्वचित सांगितले जाते. या मजुरांच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आणि वृद्धांच्या आरोग्यविम्याचा कर नाही, म्हणून मालकाचे शंभर डॉलरमागे साडेसातहून थोडे अधिक तिथेच वाचतात. त्याआधी जूनमध्ये, संघटित होणाऱ्या मजुरांना सूडापासून वाचवणाऱ्या २०२४ च्या नियमांची अंमलबजावणीही खात्याने थांबवली.

माझ्या मते दर खाली आणणे इतके घातक ठरले नसते, जर मजुराला मालक बदलण्याची खरी मोकळीक आणि कोर्टाचा रस्ता असता. मेक्सिकन शेतमजूर आणण्यासाठी १९४२ ते १९६४ चालवलेल्या ब्रासेरो कार्यक्रमातही करार एका मालकाशी होता, आणि सुरुवातीच्या वर्षांत बचत म्हणून कापलेली १० टक्के मजुरी अनेकांना कधीच परत मिळाली नाही. ऐंशी वर्षांनी तेच मूळ दुखणे तसेच आहे.

आपल्या वाचकांसाठी यात एक तातडीची गोष्ट आहे. पूर्वी एच-२ए ठरावीक देशांच्याच लोकांना मिळे आणि त्या यादीत भारत नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये यादीच रद्द झाली. म्हणजे ‘अमेरिकेत शेतात काम, व्हिसा पक्का’ असे सांगणारे एजंट आपल्याकडेही फिरू शकतात. अशा माणसाकडे तीन गोष्टी मागाव्यात: अमेरिकेतल्या मालकाचे नाव आणि शेताचा पत्ता, कामगार खात्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, जो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि मजुराला समजेल अशा भाषेतला करार, ज्यात ताशी दर, आठवड्याचे तास, सुरुवातीची व शेवटची तारीख लिहिलेली आहे. हा करार व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वीच हातात मिळाला पाहिजे. बायको-मुलांना सोबत नेता येते, पण बायकोला तिथे काम करता येत नाही, हेही आधी माहीत असावे. आणि एजंटने मजुरीतून कापून घेऊ म्हणून असो की रोख असो, एक रुपयाही मागितला, तर नियम तिथेच मोडलेला आहे. तक्रार झाल्यास मालकाचा अर्ज फेटाळला जातो आणि व्हिसा हातचा जातो. मग घेतलेले कर्ज तेवढे मागे राहते.

आपला,
एक वाचक, नाशिक