साडेबारा तास

मिनियापोलिस
9 मार्च 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र ताईच्या मोबाईलवर पाठवून राहिले. ती अमरावतीत मोठ्या अक्षरात प्रिंट काढेल आणि होळीला येताना घेऊन येईल. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा. ताईला वाचायला देऊ नका. आईचा पदर डोळ्यांकडे गेला की ती सरळ खालच्या ओळीवर उडी मारते, हे आपल्याला आजोबांच्या पत्रांपासून माहीत आहे.

फोनवर सगळं नीट बोलता येईल असं वाटलं होतं. पण गेल्या रविवारी काय झालं ते आठवा. मी म्हटलं, जूनमध्ये आम्ही ॲरिझोनाला चाललो, फिनिक्सला. आई म्हणाली, "तिथं तो मेला बर्फ नाही ना?" आणि बाबा, तुम्ही विचारलं, "ऊन कसं आहे तिथलं?" मी म्हटलं, आपल्यासारखंच. तुम्ही "बरं" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. तुमचं ते "बरं" मला लहानपणापासून कळते. अडत्यानं भाव सांगितल्यावर तुम्ही असंच म्हणायचे.

तर आधी एक कबुली देते. आई, ओरडू नको. जानेवारीत मी पंधरा दिवस व्हिडिओ कॉलवर शाल पांघरून बसत होते ना, ती सर्दी नव्हती. दारातून कचऱ्याचा डबा रस्त्याशी न्यायचा, वीस पावलं फक्त. वरून भुरभुर बर्फ, खाली काचेसारखा गोठलेला थर, तो दिसतच नाही. डावं मनगट मोडलं. शालीखाली प्लास्टर होतं. आता हात बरा आहे, पोळ्या लाटते, फक्त गच्च झाकणाची बरणी यांच्याकडून उघडून घ्यावी लागते. तुम्हाला सांगितलं नाही कारण बाबांनी त्या आठवड्यात बीपीची गोळी बदलली होती.

आणि 2022 मध्ये तू इथंच, याच घराच्या पार्किंगमध्ये बसकण मारली होती आई. तेव्हा आपण सगळे हसलो. तूही हसली. पण रात्री तुझ्या कमरेला शेक देताना मला काही हसू येत नव्हतं.

बर्फ पाहायची तुला किती हौस होती! पहिल्या दिवशी चिमूटभर जिभेवर ठेवून म्हणाली, "याले तर काहीच चव नाही." बाबा खिडकीशी मफलर गुंडाळून बसले आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "पाच महिने जमीन अशीच पडून? मग इथला कास्तकार करते काय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नऊ हिवाळे काढले इथं, अजूनही देता येत नाही. डिसेंबरात सकाळी पावणेआठनंतर उजाडते आणि साडेचारला दिवा लावावा लागते. तुमचे जावई अंधारात कामावर जातात, अंधारात परत येतात. बोलत नाहीत, पण जानेवारी लागला की जेवणं कमी होते त्यांचं. 2019 च्या 30 जानेवारीला पारा उणे 33 वर गेला होता, पोस्टमनसुद्धा घरी बसवले सरकारनं. त्या दिवशी मी कपाटातली खोबरेल तेलाची बाटली काढली, तर चमच्यानं खरवडावं लागलं. तू नाही का हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवायची आणि मग माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरून तेल जिरवायची. इथल्या खिडकीत बाटली ठेवली तर आणखीनच घट्ट होते.

तर असं आहे. फिनिक्सला कॉम्प्युटरच्या चिप बनवणारे मोठे कारखाने आले आहेत, तिथं यांना काम मिळालं. माझं काम घरूनच चालते. घर भाड्यानं घेतलं आहे, बैठं, एकही पायरी नाही. आई, हे तुझ्या गुडघ्यांसाठी मुद्दाम पाहून घेतलं. न्हाणीघरात धरायला दांडा लावून घेतो. मागं ओसरीसारखी सावलीची जागा आहे, तिथं बाज मावते, मी फोटोवरून मापलं. आणि परसात संत्र्याचं झाड आहे! एकच आहे, पण आहे.

ऊन? बाबा, कोणी ना कोणी तुम्हाला मोबाईलवर दाखवेलच, म्हणून मीच सांगते. 2023 च्या उन्हाळ्यात तिथं सलग 31 दिवस पारा 43 च्या वर होता. लोक नुसते डांबरावर पडले तर भाजून दवाखान्यात जातात. पण 2013 च्या मे महिन्यात नागपूर 47.9 वर गेलं तेव्हा मी होस्टेलवर होते ना, पंख्याखाली ओली चादर अंगावर घेऊन. तुम्ही तेव्हा खिशात कांदा घालून, दुपट्टा ओला करून, एसटीनं मला पाहायला आले होते आणि टिफिनमध्ये पन्हं आणलं होतं. मला ऊन माहीत आहे. तिथं तर घर, गाडी, दुकान, सगळीकडे एसी. पोट्टे शाळेतून थेट गार गाडीत बसतात.

गंमत सांगू? त्या लोकांनीही आधी कूलरवरच उन्हाळे काढले आहेत. 1930 च्या दशकात तिथं घरोघर खिडकीला ओल्या ताट्यांचे कूलर बसले, अगदी आपल्यासारखे, लाकडाच्या बारीक सालपटांचे. हे वाचलं तेव्हा आपला तो पहिला हिरवा पत्र्याचा कूलर आठवला. ताटीत बाबा वाळा भरायचे, मी स्टुलावर चढून लोट्यानं पाणी टाकायची, आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतासमोर तोंड करून "आ" म्हणायची, आवाज थरथरत यायचा. चिऊला सांगितलं तर ती टेबलफॅनसमोर जाऊन करून आली. लाईट गेली की आपण बाजा अंगणात काढायचो आणि आई, तू पहाटेपर्यंत सुपानं वारा घालायची. तुला वाटायचं मी झोपली आहे.

बाबा, तुमच्यासाठी एक खास गोष्ट. तिथं कापूस होते! लांब धाग्याचा, पिमा म्हणतात. आणि गुलाबी बोंडअळी? त्यांनी ती संपवलीच. बीटी कपाशीसोबत वांझ केलेले पतंग विमानातून सोडत राहिले वर्षानुवर्षं, आणि 2018 मध्ये सरकारनं जाहीर केलं की अमेरिकेच्या कापसात आता ती अळी नाही. त्याच्या आदल्याच वर्षी आपली बोंडं फोडली की आत काय निघत होतं, ते आठवून मला हे वाचताना आनंद नाही झाला, रागच आला. तुम्ही विचाराल, पाणी कुठलं. पाणी तिथलं नाहीच. 540 किलोमीटर लांबीच्या कालव्यातून कोलोरॅडो नदीचं आणतात. नदी आटली तशी 2022 पासून काही भागातल्या शेतकऱ्यांचं ते पाणी तोडलं, वावरं पडीक आहेत त्यांची. म्हणजे आपलंच सगळं, फक्त मोठ्या मापात. आणि तिथल्या पावसाला लोक मान्सूनच म्हणतात. वर्षभरात पडते जेमतेम 180 मिलीमीटर, आपल्याकडे श्रावणाची झड लागली की होऊन जाते तेवढा, पण नाव मान्सून!

आता ते. तुम्ही विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. उन्हाकडेच जायचं होतं तर घरी काहून नाही?

मी कारणं लिहून ठेवली होती. चिऊची शाळा, तिला बाराखडी अजून अडखळत येते. यांच्या कामासारखं काम नागपुरात मिळत नाही. व्हिसाची रांग, ती अर्ध्यात सोडता येत नाही. गाडीचं कर्ज. सगळी खरी आहेत, पाहिजे तर ताईला विचारा. पण बाबा, मागच्या दिवाळीत यांनीच एकदा नागपूरचं नाव काढलं होतं. मीच विषय बदलला. मला इथं माझं काम आहे, माझी गाडी आहे, मी कुठं चालली हे कोणी विचारत नाही. मला ते सोडवलं नाही. हे लिहायला मला तीन दिवस लागले. तेव्हा जावयांबद्दल मनात काही आणू नका, आणि आई, वाड्यातल्या काकूंनी "जावई येऊ देत नसेल" म्हटलं तर गप्प बसू नको.

याचा अर्थ तुम्ही नको आहात असा नाही. तुम्ही हवे आहात म्हणूनच तर दांडा लावून राहिले न्हाणीघरात. तिथला हिवाळा म्हणजे आपला हिवाळा. जानेवारीत दुपारी वीस अंश, पहाटे सात-आठ. स्वेटर पुरते, बूट लागत नाहीत. आई चपला घालून फिरेल. नोव्हेंबरात या, फेब्रुवारीपर्यंत राहा.

माहीत आहे, नोव्हेंबरात कापसाचा वेचा, मग तूर. म्हणूनच सांगते, यंदा गुढीपाडव्याला वावर ठेक्यानं द्या. तुम्ही चिडाल. पण 2017 ची ती फवारणी आणि यवतमाळच्या दवाखान्यातल्या चार रात्री मी इथं बसून काढल्या आहेत, फोन उशाशी ठेवून. विहिरीजवळचे दोन एकर राहू द्या तुमच्याकडे, भाजीपाला लावा, बैलांशी बोला, मी काही म्हणणार नाही. बाकीचे पाच द्या. विकायचे नाहीत, कोणी विकायचं म्हणतच नाही. नाव तुमचंच राहील सातबाऱ्यावर.

आणि ऐका. मोतीबिंदूचं आता लांबवायचं नाही, ताईनं एप्रिलमधली तारीख घेतली आहे, उन्हं वाढायच्या आत. अकरा ते चार वावरात पाय ठेवायचा नाही. गोळी सकाळी चहाच्या आधी, "विसरलो" चालणार नाही, आईनं डबीतली मोजायची. कूलरला अर्थिंग आहे का ते वायरमनला बोलावून पाहून घ्या, आणि पाणी भरताना आधी प्लग काढायचा, दर वेळी, ओल्या हातानं टाकीला शिवायचं नाही. दर उन्हाळ्यात अशी एखादी बातमी येते आणि ती वाचून मला इथं घाम फुटते. आई, तू यंदा कुरडया, सरगुंडे काही करू नकोस. केल्याच तर थोड्या. आणि केल्याच तर मला ठेव.

जास्त बोलले असेन तर रागावू नका. पळस फुलला असेल ना बांधावरचा? ताईला फोटो काढायला सांगा. चिऊ विचारते, आजोबा होळीला शेणाच्या चाकोल्यांची माळ करतात का अजून. तिला मी हो सांगितलं आहे, तेव्हा करा.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, कॅलेंडरशेजारी चिकटवलेला वेळेच्या फरकाचा कागद बदला. आज इथं घड्याळं तासभर पुढं झाली, म्हणजे साडेअकराचे साडेदहा तास. जूनपर्यंत हेच. त्यानंतर साडेबारा लिहा, आणि शाईनं लिहा, कारण ॲरिझोनात घड्याळ मागंपुढं करत नाहीत. तुमचे सकाळचे सात म्हणजे आमचे आदल्या संध्याकाळचे साडेसहा, उन्हाळा असो की हिवाळा. तुम्ही चहा घेता त्या वेळी मी भाजी चिरत असेन. तेव्हा लावत जा फोन.