मॅन्युअल मिटायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आयएसओ ९००१ या क्वालिटी मॅनेजमेंटच्या स्टँडर्डची २०१५ ची आवृत्ती आली तेव्हा मी काय करून बसलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. २००८ च्या आवृत्तीप्रमाणे लिहिलेलं आमचं क्वालिटी मॅन्युअल उघडून जुन्या आठ क्लॉजच्या (कलमांच्या) जागी नवे दहा बसवत होतो. दोन आठवडे खपून तुमच्यासमोर ठेवलं, तर पानही न उलटता तुम्ही विचारलंत, "नव्या आवृत्तीत मॅन्युअल सक्तीचं आहे का?" नव्हतं. स्टँडर्ड नीट वाचण्याआधीच मी लिहायला बसलो होतो.

मग तुम्ही मला स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत हिंडवलंत. प्रत्येकाला एकच प्रश्न: "तुमच्या कामात घोळ कुठे होऊ शकतो?" ऑडिटमध्ये तोंड न उघडणारी माणसं भडाभडा बोलली. आमचा जोखमींचा तक्ता त्या फेरीतून झाला. इंटरनेटवरून उतरवलेला माझा तक्ता तुम्ही न बोलता बाजूला सरकवलात. नव्या आवृत्तीतून 'प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन'चं, म्हणजे चूक होण्याआधीच ती टाळण्याचं, वेगळं कलम का काढलं असेल, ते मला तेव्हा उमगलं.

नव्या आवृत्तीवर जायची मुदत सप्टेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे तीन वर्षं. मी निवांत. तुम्ही मात्र शेवटाकडून मोजायला लागलात: ऑडिटमध्ये एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे स्टँडर्डप्रमाणे नसलेल्या गोष्टी) निघाल्या तर त्या बंद करायला वेळ, त्याआधी मॅनेजमेंट रिव्ह्यू, त्याआधी नव्या आवृत्तीप्रमाणे पूर्ण इंटर्नल ऑडिट, त्याच्याही आधी ऑडिटरांचं ट्रेनिंग. शिवाय शेवटी सगळ्यांचीच झुंबड. हाताशी उरलेले महिने बघून मला घाम फुटला.

एक गोष्ट तेव्हा बोललो नव्हतो. एमआर (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे क्वालिटी सिस्टिम सांभाळणारा व्यवस्थापनाचा प्रतिनिधी) हे माझं पद आता सक्तीचं नाही, क्वालिटीची जबाबदारी खुद्द साहेबांची, हे तुम्ही त्यांना माझ्यासमोर सांगितलंत. मला खुर्ची गेल्यासारखं वाटलं. आठवडाभर तुमच्यावर राग होता. पण ऑडिटच्या दिवशी साहेबांनी माझ्याकडे एकदाही न बघता उत्तरं दिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ऑडिटच्या दिवशी वेळेवर जेवलो. त्याबद्दल, आणि त्या रागाला तुम्ही हसून सोडून दिलंत त्याबद्दलही, मनापासून आभार.

२०२४ मध्ये त्याच स्टँडर्डमध्ये हवामानबदलाची छोटी दुरुस्ती आली, तेव्हा मी मॅन्युअलला हात लावला नाही. आधी स्टोअरमध्ये गेलो आणि विचारलं, "पाणी शिरलं तर पहिला माल कुठला भिजेल?" उत्तर तयार होतं.

तुमचा,
एकेकाळचा एमआर