कॅमेरा दूर असेल तर संगणक त्याच्याशेजारी हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पक्ष्यांची घरटी, बांधकामे, रात्रीचे आकाश यांवर महिनोन्‌महिने नजर ठेवण्यासाठी डिजिटल कॅमेरे बसवले जातात आणि ते दुरून चालवावे लागतात. याविषयी जे छापून येते ते बहुधा मोबाइलच्या ॲपपाशी थांबते. असे ॲप कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वायफायवर चालते आणि ते वायफाय मोकळ्या जागेतही दहा-वीस मीटरच पोचते. अंतर खरोखर मोठे असेल तेव्हा काय करावे, हेही वाचकांसमोर यायला हवे.

सर्वांत जास्त फसगत होते ती यूएसबी केबल लांबवण्यात. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच धरावी. संगणकाने विचारले की ठरलेल्या अत्यल्प वेळात कॅमेऱ्याकडून उत्तर यावे लागते. ते उशिरा पोचले तर आलेच नाही असे धरले जाते. मग कॅमेरा कधी दिसतो, कधी नाहीसा होतो, फोटो उतरताना मध्येच जोडणी तुटते. दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो. इथरनेट केबलवरून यूएसबी नेणारे एक्स्टेंडर ५० ते १०० मीटर चालतात, पण त्यांतले काही सेकंदाला १२ मेगाबिटच वाहून नेतात. २५ मेगाबाइटची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) उतरायला त्यांवर किमान १७ सेकंद लागतात, कारण एक बाइट म्हणजे आठ बिट. घेताना ४८० मेगाबिटचा आहे ना, हे पाहूनच घ्यावा.

नुसते शटरच दाबायचे असेल तर यूएसबीची गरजच नाही. वायर्ड रिमोटला बहुधा तीनच तारा असतात : ग्राउंड, फोकस आणि शटर. फोकसची तार ग्राउंडला टेकली की बटण अर्धे दाबल्यासारखे होते, शटरची टेकली की फोटो निघतो. काम केवळ तारा टेकवण्याचे असल्याने साधी वायर बरीच लांब नेता येते. मात्र उघड्यावरची लांब तांब्याची तार विजा चमकताना व्होल्टेज उचलते, म्हणून कॅमेऱ्याच्या टोकाला ऑप्टोकप्लर, म्हणजे संकेत तारेऐवजी प्रकाशाने पुढे नेणारा छोटा भाग, बसवावा.

याहून दूर जायचे असेल तर आमचे मत ठाम आहे : संगणक कॅमेऱ्याशेजारीच ठेवा. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, हातभर यूएसबी केबल आणि संगणकावरून कॅमेरा चालवणारी जीफोटो२ ही मुक्त प्रणाली एवढ्यावर काम होते. लांबच्या जोडणीवरून मग फक्त आज्ञा जातात आणि लहान चित्रे येतात. सुरुवातीलाच एक अडचण हमखास येते. लिनक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीत फाइल मॅनेजर कॅमेरा आधीच ताब्यात घेतो आणि जीफोटो२ला तो मिळत नाही. ती सेवा बंद करावी, किंवा डेस्कटॉप नसलेली आवृत्तीच टाकावी.

कॅमेरा बंदिस्त करण्यापूर्वी मोड डायल ‘एम’वर (मॅन्युअल) ठेवावा, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत तो दुरून फिरवता येत नाही. फोकस मॅन्युअल करून रिंगवर टेप लावावी. अंधारात ऑटोफोकस जमला नाही की शटर उघडतच नाही. आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकावी. फोटो साठवण्याचे ठिकाण मेमरी कार्ड निवडावे, म्हणजे जोडणी तुटली तरी फोटो जात नाही.

मोबाइल डेटावर बहुधा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळत नाही, म्हणून बाहेरून थेट जोडताच येत नाही. कॅमेऱ्याकडच्या संगणकानेच बाहेरच्या सर्व्हरशी वायरगार्डने (सुरक्षित खासगी जोडणी, म्हणजे व्हीपीएन, उभारणारी प्रणाली) जोडणी करावी आणि दर २५ सेकंदांनी एक संकेत पाठवून ती जिवंत ठेवावी. सेकंदाला १ मेगाबिटच्या जोडणीवर २५ मेगाबाइटची फाइल २०० सेकंद घेते. आधी छोटे जेपेग पाठवावे, मूळ फाइल निवांत. आणि वेळ साधायचीच असेल, पक्षी उडाला त्या क्षणाचा फोटो हवा असेल, तर निर्णय सेन्सर लावून जागेवरच घ्यावा. भूस्थिर उपग्रहामार्गे नुसती आज्ञा पोचायलाच पाव सेकंद लागतो. मंगळापर्यंत संकेत जायला ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणून तिथल्या रोव्हरना कामांची यादीच आधी पाठवली जाते. तत्त्व तेच.

सर्वांत दुर्लक्षित बाब विजेची. डमी बॅटरीला (बॅटरीच्या जागी बसणारा, बाहेरून वीज घेणारा ठोकळा) लांबून पातळ तारेने वीज दिली तर कॅमेरा एरवी चालू दिसतो, पण शटर पडताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, व्होल्टेज घसरते आणि नेमका त्याच वेळी बंद पडतो. जवळपर्यंत १२ व्होल्ट न्यावे आणि कॅमेऱ्याशेजारी कन्व्हर्टरने हवे तेवढे, बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांना सुमारे ७.२ ते ८.४ व्होल्ट, करावे. त्या तारेवर छोट्या संगणकाने चालणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, अवश्य हवा. अडकलेल्या कॅमेऱ्याची वीज दहा सेकंद तोडून परत देणे हा शेकडो किलोमीटरवरून करता येणारा एकमेव खात्रीचा उपाय आहे. वीज परतल्यावर कॅमेरा आपणहून सुरू होतो का, हे मात्र आधीच तपासावे. वायफाय वारंवार तुटत असेल तर यूएसबी ३.० च्या केबलवर संशय घ्यावा, तिच्यातून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. अँटेना दूर सरकवावा.

कॅमेऱ्याचे पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडणी घेण्याचे दार, इंटरनेटवर उघडे ठेवू नये, ही विनंती. २०१९ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी कॅनन ईओएस ८०डी मध्ये वायफायवरून खंडणीखोर प्रणाली घुसवून कार्डावरचे फोटो कुलूपबंद करून दाखवले होते. कॅमेरा ज्या पीटीपी भाषेत संगणकाशी बोलतो, तिच्या हाताळणीतल्या त्रुटींचाच त्यात वापर झाला होता. फर्मवेअर (कॅमेऱ्याची आतली प्रणाली) अद्ययावत ठेवावे आणि बाहेरून येण्याची वाट फक्त व्हीपीएनमधूनच ठेवावी.

आपले,
दूरनियंत्रित छायाचित्रणाचे काम करणारे काही वाचक