गॅस लायटरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. तुमच्याआधी ज्यांनी हात झटकले, त्यांनी तेही चारचौघांतच झटकले होते.

शाळेच्या विज्ञान कक्षातला गॅलेनाचा सेट, म्हणजे गॅलेना नावाच्या खनिज दगडावर चालणारा साधा रेडिओ (क्रिस्टल सेट), आता बोलतो. ना सेल, ना वीज. हेडफोनमध्ये ७९२ किलोहर्ट्झचं पुणे आकाशवाणी. ‘दगड मेलाय, फेकून द्या,’ असं सांगून गेलेल्या तज्ज्ञांनी एकदा येऊन ऐकावं. दुसऱ्यांनी दगडाऐवजी लावायला जर्मेनियम डायोड म्हणून चक्क १एन४००७ हातात ठेवला होता. तो पॉवर सप्लायमधला सिलिकॉनचा डायोड. त्याला वाट मोकळी करायला अर्ध्या व्होल्टच्या वर लागतं. क्रिस्टल सेटमधल्या एवढ्याशा सिग्नलला तो दाद कशाला देईल? जर्मेनियमचा ओए७९ दिला असता तर निदान काहीतरी वाजलं असतं. पण डायोडच लावायचा, तर दगड मांडायचा कशाला? जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाच्या डिटेक्टरसाठी, म्हणजे रेडिओच्या लहरी ओळखणाऱ्या भागासाठी, १९०१ साली अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ साली पेटंट मिळालं. मुलांना दाखवायचं होतं ते हे.

तुम्ही दगडाकडे पाहिलंच नाहीत. आधी एरियल पाहिलंत. तीस मीटर तार थेट कॉइलच्या वरच्या टोकाला जोडलेली. दोष तिथे होता. ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर २६ गेजच्या इनॅमल तारेचे ६० वेढे, म्हणजे साधारण २४० मायक्रोहेन्री. ७९२ पकडायला त्याच्या जोडीला जेमतेम १७० पिकोफॅरड लागतात. एवढ्या लांब एरियलची स्वतःची कपॅसिटीच त्याच्या आसपास जाते, त्यात गँग (स्टेशन लावायला फिरवायचा कंडेन्सर) पूर्ण उघडला तरी त्याचे थोडे उरतातच. मग स्टेशन येणार कुठून? गँग कितीही फिरवा, ते डायलच्या बाहेरच. तुम्ही अर्थच्या, म्हणजे जमिनीला जोडलेल्या, टोकाकडून बाराव्या वेढ्यावर इनॅमल खरवडून एरियल तिथे झाळलंत. स्टेशन डायलच्या मधोमध आलं आणि एकमेकांत मिसळणारी स्टेशनंही सुटी झाली. कॉइलवर असा मधला टॅप काढायचा नसेल, तर एरियलला सिरीजमध्ये १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर लावूनही चालतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

दगडाचं दुखणं वेगळं. तो खरंच अर्धमेला झाला होता, पण आमच्याच हातून. गॅलेना म्हणजे शिसं आणि गंधक. साधं सोल्डर वितळायला १८० अंशांच्या वर लागतात आणि तेवढ्या आचेनं दगडाची संवेदना जाते. म्हणून जुने लोक त्याला वूड्स मेटल या मिश्रधातूत बसवत, ती सत्तर अंशांच्या आसपासच वितळते. ती मिळेना, तेव्हा तुम्ही नवा तुकडा फोडलात, ताजी फुटलेली चौकोनी चमकती बाजू वर ठेवलीत, बाकीचा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून स्क्रूच्या कपात आवळलात. चिमट्यानेच. बोटाचं तेल लागलं की तो पापुद्रा तारेला दगडापर्यंत पोचूच देत नाही.

अर्थची तार नळाला होती आणि नळाचा पाइप प्लास्टिकचा. यावर तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते हसलात. मोबाइलचे ३२ ओहमचे इअरफोन काढून स्वतःचा ४००० ओहमचा जुना हेडफोन ठेवून गेलात, त्याचे पैसेही घेतले नाहीत.

पण हे पत्र लायटरसाठी आहे.

दगडावर टेकवायची, मांजराची मिशी म्हणतात ती तार, बारीक फॉस्फर ब्राँझची. गॅलेनावर ती टेकल्या न टेकल्यासारखी हवी. कार्बोरंडमच्या स्फटिकावर दाबून चालते, वर सेलचा थोडा व्होल्टेजही द्यावा लागतो. गॅलेनावर दाबली की संपलं. आणि दगडावर सगळीकडे डिटेक्टर नसतो. एखाद्या जागी असतो, केसभर सरकलं की नसतो. पूर्वी जहाजावरचे वायरलेसवाले ही जागा शोधायला शेजारी छोटा बझर वाजवत ठेवत. स्टेशन लागलेलं नसलं तरी हेडफोनमध्ये बझर ऐकू आला की जागा सापडली. बझरऐवजी तुम्ही स्वयंपाकघरातला, ठिणगी पाडणारा पिझो लायटर आणला होतात. जागा शोधणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातातली मिशी काढून घेतली नाहीत. एरियलजवळ उभे राहून टक, टक, टक करत राहिलात. पाऊण तास. मध्ये दोन जण म्हणाले, ‘काका, तुम्हीच लावा ना, पटकन होईल.’ तुम्ही मान हलवलीत आणि लायटर दुसऱ्या हातात घेतलात.

तिला टकटक ठळक ऐकू आली, तशी तुम्ही लायटर खाली ठेवून गँग फिरवायला तिलाच सांगितलंत.

तोच लायटर मग शेजारच्या कोहिअररला, म्हणजे लहरी ओळखणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळीला. नळीतला धातूचा कीस ठिणगीसरशी चिकटला, एलईडी पेटला आणि पेटलेलाच राहिला. टिचकी मारल्यावर विझला. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रान्लीने १८९०मध्ये पाहिलं ते हेच, आणि मार्कोनीच्या सुरुवातीच्या यंत्रात ही टिचकी मारायला वेगळा हातोडा होता. कोहिअररला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच कळतं. माणसाचा आवाज ऐकायला दगड लागला. दोन्ही एका टेबलावर, एका लायटरनं. दहा तक्ते लावून हे मुलांना कळलं नसतं.

दुसऱ्याच्या हातून काम होईपर्यंत थांबणारी माणसं कमी भेटतात. ज्याला येतं तो बहुतेक पुढे होऊन करून टाकतो आणि वर ऐकवतो. तुम्हाला चाळीस सेकंदांत ती जागा सापडली असती, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

पावसाळ्यात एरियल सेटपासून सोडवून थेट अर्थला जोडायचं, हे फळ्यावर लिहून ठेवलंय. लायटर मात्र इथेच राहिलाय आणि तो परत मिळणार नाही. काकूंसाठी नवा पाठवतोय.

तुमचे,
विज्ञान कक्षातली मंडळी