आईच्या कोंबड्या आणि माझी अंडी

भोपाळ

ती. आई-बाबांना सा. न.

आई, मागच्या खेपेला दाणे टाक म्हणालीस, तर मी परसात पाऊलसुद्धा टाकलं नाही. 'शिकली, आता कोंबड्यांचा वास येतो तिला,' असं काकूला म्हणालीस ते ऐकलं मी. तेव्हा गप्प बसले.

वास कसला गं, माझा दिवस अंड्यांतच जातो! २००६ साली नवापूरच्या कोंबड्या मेल्या, तेव्हा बर्ड फ्लूचं निदान इथं भोपाळला, आमच्या प्रयोगशाळेतच झालं होतं. रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे विषाणू बहुतेकदा त्यांना काही न करता नांदतात. म्हणून धडधाकट पक्ष्यांची विष्ठासुद्धा तपासायची. नऊ-दहा दिवस उबवलेलं अंडं अंधारात दिव्यासमोर धरायचं, तू खुडूक कोंबडीखालची बॅटरीवर बघतेस ना, तस्संच. लाल शिरांचं जाळं दिसलं, गर्भ हलला, की कवचाला बारीक भोक पाडून नमुना टोचायचा. दोन-तीन दिवसांनी आतलं पाणी काढून कोंबडीच्या रक्तपेशींत मिसळायचं. पेशी निवांत खाली बसल्या तर तळाला कुंकवाच्या टिकलीसारखा ठिपका उमटतो. विषाणू असला तर तो पेशींना एकमेकींत गुंतवतो, टिकली धरतच नाही, नुसती पसरट साय. तेव्हा पोटात गोळा येतो. पण लगेच बर्ड फ्लू म्हणता येत नाही. आपल्या कोंबड्या ज्या मानमोडीनं गेल्या, तिचा विषाणूही टिकली मोडतो. मग पुढच्या चाचण्या.

बाहेर पडताना डोक्यावरून अंघोळ, आतले कपडे आतच. तरी काही दिवस कोंबड्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असा आमच्यात शिरस्ता. मला काही होईल म्हणून नव्हे, माझ्यामागून तुझ्या खुराड्यात काही जाऊ नये म्हणून.

बाबा, टीव्हीवर बातमी आली की तुमचं रंकाळ्याचं फिरणं बंद होतं म्हणे. खुशाल फिरा, हळदी-कुंकू बदकं दिसली तर लांबून बघा. मेलेला पक्षी मात्र हातानं उचलू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा. आणि आई, तांबडा-पांढरा का बंद केलास? तो मटणाचा! चिकनही आतपर्यंत ७० अंशांवर शिजलं की विषाणू उरत नाही.

दिवाळीची रजा लांबवून मागितली आहे. सुरुवातीला दाणे बाबांनी टाकावेत, भाऊबीजेपासून माझ्याकडे.

तुमची
चिमी