उसगाळीमळला बोलणारा माणूस नेमा

माननीय पर्यटनमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूर-बेळगावहून आमच्याकडे डिचोलीला पाहुणे येतात. सोबत आजी-आजोबा असतात, शाळकरी मुले असतात. समुद्र बघून झाला की ती सगळी विचारतात, आता कुठे? अशा कुटुंबांच्या वतीने माझी एकच मागणी आहे. दक्षिण गोव्यातल्या रिवणजवळच्या उसगाळीमळला, तिथल्या कातळशिल्पांपाशी, पाऊस सरल्यापासून मेअखेरपर्यंत, माहिती सांगणारी स्थानिक माणसे नेमा.

कुशावती नदीच्या काठावर जांभ्या कातळात तिथे कोरलेले बैल आहेत, हरणे आहेत, वर्तुळात वर्तुळ घेत आत जाणारा चक्रव्यूह आहे. १९९३ साली गावकऱ्यांनी सांगितले म्हणून अभ्यासक तिथवर पोहोचले. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांसोबत, म्हणजे कातळी पठारांसोबत, गोव्याची ही एकच जागा आहे. एवढा मान आपल्या दुसऱ्या कुठल्या कातळाला मिळाला आहे?

पण ही चित्रे भिंतीवर नाहीत, पायाखाली आहेत. भर दुपारी रेषा डोळ्यांना सापडत नाहीत आणि माणूस नकळत बैलाच्या पाठीवरच उभा राहतो. आम्ही गेलो तेव्हा मुले कातळभर धावत होती, 'इथे तर काहीच नाही' म्हणून कुरकुरत होती. नदीवर आलेल्या एका गावकऱ्याने कळशीभर पाणी आणून कातळावर ओतले आणि शिंगे, मान, पाय एकेक करून उमटले. त्यानंतर एकाही मुलाने चप्पल घालून पाऊल टाकले नाही. कुणी रागावले नव्हते, कुंपणही नव्हते. आपण कशावर उभे आहोत हे त्यांना कळले, एवढेच.

म्हणूनच नुसता फलक लावून भागणार नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुले इतकी का रमतात, ते पाहा. मयड्याची केळी, हरमलची मिरची, आगशीची वांगी, पावसाळ्याच्या पुरुमेंतासाठी (बेगमीसाठी) मांडलेली सोलां (आमसुले) आणि सुकी मासळी, प्रत्येक ढिगामागे सांगणारी बाई बसलेली असते. कुठली मिरची तिखटाला, कुठली रंगाला, हे ती न विचारताच सांगते. कातळामागे तसे कुणी नाही.

निसर्गाच्या बाबतीत आपण हे केलेच आहे. सुमारे ३१० मीटर उंचीचा दूधसागर पाहायला कुळ्याहून जीप सुटतात, अंगावर लाइफ जॅकेट चढवले जाते आणि त्या व्यवस्थेवर कुळ्यातली घरे चालतात. रिवणच्या तरुणांना तसा रोजगार का मिळू नये?

खर्च फार मोठा नाही. प्रशिक्षण, रोजंदारी, सावलीला एक छप्पर, स्वच्छतागृह आणि कातळाला न टेकणारी लाकडी पायवाट. पावसात नदीचे पाणी आणि गाळ वर येतो, तेव्हा पायवाट उचलून ठेवता येईल अशीच करा. काँक्रीट मात्र कृपा करून ओतू नका.

जोडीला शनिवार-रविवारी कदंब परिवहन महामंडळाची एक बस मडगाव, चांदर, केपे, रिवण अशी फिरवा. चांदरला कदंब राजांच्या जुन्या राजधानीत उत्खननात निघालेला देवळाचा पाया आहे, शिर नसलेला नंदी आहे. रिवणला गुहा आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि टॅक्सीचे भाडे न परवडणाऱ्या बापाला हा सगळा दिवस एका तिकिटात मिळेल.

येत्या चवथीआधी रिवण आणि शेजारच्या पंचायतींची बैठक बोलवा. वाटा आणि रेषा त्यांना ठाऊक आहेत, माणसे तेच सुचवतील.

आपली नम्र,
डिचोलीतील एक शिक्षिका