थट्टा जास्त नव्हे, कमीच झाली

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील युद्धपटांवरच्या लेखात ‘एअर अमेरिका’ (१९९०) हा चित्रपट ‘युद्धाची थट्टा’ म्हणून एका ओळीत निकालात काढला आहे. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. थट्टा पुरेशी केलीच नाही.

मेल गिब्सन आणि रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांचे दोन वैमानिक लाओसच्या डोंगरांत कधी तांदळाची पोती पोहोचवतात, कधी बंदुका. कंपनी सीआयएची, कागदोपत्री खासगी. याच नावाची कंपनी खरोखर होती. १९६२च्या जिनिव्हा कराराने लाओस तटस्थ ठरला, परकी सैन्याने निघून जायचे ठरले. उत्तर व्हिएतनामचे सैन्य तिथेच राहिले, अमेरिकेने साध्या वेशातले वैमानिक पाठवले आणि दोघेही ‘आम्ही तिथे नाहीच’ म्हणत राहिले. लाओसमधल्या लाँग तिएंग या गुप्त तळाच्या धावपट्टीवर विमानांची रीघ लागे आणि जगाच्या लेखी तिथे काहीच नव्हते! यावर गंभीर चेहऱ्याने सिनेमा काढणेच अवघड.

१२ जानेवारी १९६८ चा प्रसंग पाहा. उत्तर व्हिएतनामच्या जुनाट धाटणीच्या दुमजली पंखांच्या विमानांनी लाओसमधल्या फू पा थी डोंगरावरच्या अमेरिकेच्या गुप्त रडार तळावर हल्ला केला. एअर अमेरिकाच्या हेलिकॉप्टरने पाठलाग केला आणि आतल्या मेकॅनिकने एके-४७ चालवून एक विमान पाडले. पटकथेत कुणी हे लिहिले असते तर निर्मात्याने ‘काहीही काय!’ म्हणून खोडले असते.

चित्रपट कच खातो तो शेवटी. दोघे नायक शस्त्रे फेकून देतात, निर्वासितांना विमानात घेतात आणि प्रेक्षक निवांत घरी जातो. प्रत्यक्षात मे १९७५ मध्ये लाँग तिएंग सोडताना सीआयएच्या बाजूने लढणाऱ्या हमोंग या डोंगरी जमातीचे सेनानी जनरल व्हांग पाओ आणि काही हजार हमोंग तेवढे विमानाने थायलंडला पोहोचले. ज्यांच्या जिवावर हे युद्ध लढवले, त्यातले बहुतेक मागेच राहिले. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. न फुटलेले आजही शेतात निघतात. चित्रपटातला अफूच्या तस्करीचा भाग मात्र मला भडक वाटला. कंपनीचा त्यात किती हात होता, यावर इतिहासकारांत वाद आहे. चित्रपट तो मिटल्यासारखा दाखवतो.

लेखात न आलेली एक गोष्ट आपल्याशी संबंधित आहे. जिनिव्हा करार पाळला जातो का, यावर लाओसमध्ये देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते; कॅनडा आणि पोलंड सदस्य. सर्वांना दिसणारे युद्ध अधिकृतपणे पाहता न येणे, ही त्या आयोगाची नोकरी. ऑक्टोबर १९६५ मध्ये व्हिएन्तियानहून हनोईला निघालेले आयोगाचे विमान १३ जणांसह बेपत्ता झाले. त्यात भारतीयही होते. त्या विमानाचा पत्ता लागलेला नाही. गिब्सनच्या चित्रपटावर आणखी एक ओळ खर्च करण्यापेक्षा पुरवणीने या माणसांवर पानभर लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली